म्हैस पंधरा लिटरची, मग तिची रेडी नऊची का?

हुपरी म्हटलं की चांदी आठवते. पैंजण, वाळे, जोडवी घडवणारे कारागीर या गावात गल्लोगल्ली आहेत. पण हातकणंगले तालुक्याच्या या पट्ट्यात, हुपरी, यळगूड, रेंदाळ, पट्टणकोडोली या गावांत, रोजचा पैसा हातात देणारा आणखी एक व्यवसाय आहे, तो दुधाचा. यळगूडच्या दुधाचं नाव तर तालुक्याबाहेरही सांगितलं जातं.

या भागात म्हैस विकत घेताना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘कितव्या वेताची?’ आणि दुसरा, ‘हिच्या आईला दूध किती होतं?’ आई दुधाची तर लेक दुधाची, हा हिशेब त्यामागे असतो. तो सर्वस्वी चुकीचा नाही, पण पुरेसाही नाही. दोन्ही वेळचं मिळून पंधरा लिटर देणाऱ्या म्हशीची रेडी घरीच ठेवायची, चार वर्षं वैरण घालायची, तिच्या पहिल्या-दुसऱ्या वेताची वाट पाहायची आणि शेवटी धार निघते नऊ लिटरची. गोठा तोच, उसाचं वाडं तेच, सरकी पेंडही तीच. मग कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं रेडाच हलका होता. उलट, शेजारच्या सात लिटरच्या साध्या म्हशीची रेडी अकरा लिटरवर जाते.

उंच बापाचा मुलगा मध्यम उंचीचा का निघतो, मधुमेही आईच्या दोन मुलांपैकी एकालाच मधुमेह का होतो, हे प्रश्नही याच जातीचे आहेत. यांचं उत्तर शोधायला विज्ञानाला शंभरहून अधिक वर्षं लागली, आणि ते उत्तर गोठ्यात थेट उपयोगी पडणारं आहे.

एका जनुकाचे गुण आणि हजारो जनुकांचे गुण

प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा लांबलचक धागा असतो. तो चार रासायनिक घटकांच्या ओळीने बनलेला असतो. त्या घटकांना आपण अक्षरं म्हणू. या ओळीच्या ज्या तुकड्यात एखादं प्रथिन बनवण्याची माहिती असते, त्याला जनुक म्हणतात. हा सगळा धागा गुणसूत्रांमध्ये विभागलेला असतो. आपल्या म्हशीत गुणसूत्रांच्या २५ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून.

काही गुण एकाच जनुकावर ठरतात. विदर्भात आणि नंदुरबार भागात आढळणारा सिकलसेल हा आजार त्याचं ठळक उदाहरण. हिमोग्लोबिनच्या एका जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. आई आणि बाप दोघांकडून बदललेली प्रत आली तर आजार होतो, एकाकडूनच आली तर माणूस फक्त वाहक राहतो. असे गुण पिढ्यांमधून कसे उतरतात, याचे नियम ग्रेगर मेंडेल यांनी वाटाण्याच्या रोपांवरून १८६५ साली मांडले.

दुधाचं तसं नाही. म्हशी ‘दुधाच्या’ आणि ‘बिनदुधाच्या’ अशा दोन गटांत पडत नाहीत. पाच लिटरची असते, साडेपाचची असते, सहाची असते, अठराचीही असते. मेंडेलचे नियम दूध, उंची, वजन अशा सलग बदलत जाणाऱ्या गुणांना लागूच पडत नाहीत, असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटत होतं. १९१८ साली रोनाल्ड फिशर या ब्रिटिश गणितज्ञाने दाखवून दिलं की नियम तेच आहेत, फक्त एका गुणामागे एक जनुक नसून अनेक आहेत, आणि प्रत्येकाचा वाटा लहान आहे.

हुपरीचं भरगच्च घुंगरांचं पैंजण हातात घेतलं तर हे लगेच कळतं. त्याचा नाद कोणत्या एका घुंगराचा नसतो. एक घुंगरू तुटलं तरी कानाला फरक जाणवत नाही. पन्नास तुटली की नाद बदलतो. दुधाचा गुण असाच आहे. म्हशीची भूक, पोटातलं पचन, कासेतल्या दूध बनवणाऱ्या पेशींची संख्या, कासेला मिळणारा रक्तपुरवठा, संप्रेरकांचं प्रमाण, पान्हा सोडण्याची सवय, आजाराशी झुंजण्याची ताकद, या सगळ्यांतून दूध येतं, आणि यातल्या प्रत्येक पायरीवर अनेक जनुकं काम करतात. अशा गुणांना बहुजनुकीय किंवा जटिल गुण म्हणतात.

रेडीच्या वाट्याला काय येतं?

म्हैस आपल्या रेडीला स्वतःची सगळी जनुकं देत नाही, निम्मीच देते. कोणती निम्मी, हे दर गर्भाच्या वेळी नव्याने आणि नशिबाने ठरतं. म्हणूनच एकाच म्हशीच्या, एकाच रेड्यापासून झालेल्या दोन सख्ख्या बहिणींच्या दुधात चार-चार लिटरचं अंतर पडू शकतं. उरलेली निम्मी जनुकं रेड्याची.

दुसरी गोष्ट अशी की आईचे पंधरा लिटर हे सगळे जनुकांचे नसतात. ती चांगल्या महिन्यात व्यायली असेल, भाकड काळात तिला भरपूर खाऊ घातलं असेल, कासदाह कधी झाला नसेल. हे भाग्य रेडीला वारशाने मिळत नाही.

कळपातल्या म्हशी-म्हशींमध्ये दुधाचा जो फरक दिसतो, त्यातला किती भाग वारशाने पुढे जाणाऱ्या जनुकांमुळे आहे, या प्रमाणाला आनुवंशिकता म्हणतात. गायी-म्हशींच्या दुधासाठी हे प्रमाण साधारण २० ते ३५ टक्के निघतं. दुधातल्या फॅटच्या टक्केवारीसाठी ते याहून जास्त असतं. याचा अर्थ ‘पंधरातले चार लिटर जनुकांचे’ असा नाही. हा आकडा फरकाबद्दल आहे, आणि तो कळपानुसार बदलतो. सगळ्या म्हशींना सारखी वैरण आणि सारखी निगा मिळाली, तर उरणाऱ्या फरकात जनुकांचा वाटा वाढतो.

आता हिशेब करू. समजा गावातल्या म्हशींची सरासरी ८ लिटर आहे आणि आपली म्हैस १५ लिटरची, म्हणजे सरासरीपेक्षा ७ लिटर वर. आनुवंशिकता २५ टक्के धरली, तर या सातांपैकी जनुकांमुळे आलेलं साधारण पावणेदोन लिटर. त्यातलं निम्मं, म्हणजे पाऊण-एक लिटर, रेडीकडे जातं. रेडा सरासरी दर्जाचा असेल, तर रेडीकडून अपेक्षा करायची ती नऊ लिटरच्या आसपास. म्हणजे रेडी बिघडली नाही, तिने गणिताप्रमाणेच दूध दिलं.

फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली ९२८ प्रौढ मुलामुलींच्या आणि त्यांच्या आईबापांच्या उंचीची तुलना केली, तेव्हा त्यांना हेच दिसलं होतं. फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीकडे थोडी सरकलेली असतात.

रेड्याचं दूध मोजायचं कसं?

निम्मा वाटा रेड्याचा, पण रेडा दूध देत नाही. मग त्याची पारख कशी करायची? जुना आणि खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच्या लेकींचं दूध मोजणं. एका रेड्याचं रेत वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या गोठ्यांत वापरायचं. त्याच्या कितीतरी लेकी वेगवेगळ्या मालकांकडे, वेगवेगळ्या वैरणीवर वाढतात. कुठे निगा चांगली, कुठे कमी, हे सरासरीत मिटून जातं. तरीही त्या इतर रेड्यांच्या लेकींपेक्षा जास्त दूध देत असतील, तर श्रेय रेड्याचं. याला संतती चाचणी म्हणतात.

अडचण वेळेची आहे. रेडा वयात येणार, लेकी जन्मणार, त्या चार वर्षांच्या होऊन विणार, त्यांचं एक वेत पुरं होणार. म्हणजे निकाल हाती येईपर्यंत आठ-नऊ वर्षं जातात. जनुकं थेट वाचता आली तर ही वर्षं वाचतील, या आशेने शास्त्रज्ञ जनुकांच्या शोधाला लागले.

जनुकाचा माग: आधी गुणसूत्र, मग अक्षर

दोन म्हशींचा डीएनए शेजारी ठेवला तर बहुतेक अक्षरं सारखीच असतात. अधूनमधून एखाद्या जागी मात्र एकीत एक अक्षर, दुसरीत दुसरं. अशा जागा लाखोंनी आहेत, आणि त्यांची नेमकी ठिकाणं माहीत आहेत. शोधाची सुरुवात या खुणांपासून होते.

पहिली पद्धत कुटुंबाची. एका वळूच्या कितीतरी लेकी घ्यायच्या. वळूकडे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती आहेत. काही लेकींना पहिलीचा तुकडा मिळाला, काहींना दुसरीचा. पहिला तुकडा मिळालेल्या लेकींच्या दुधात फॅट सातत्याने जास्त निघत असेल, तर फॅटवर परिणाम करणारं काहीतरी त्या तुकड्यात नक्की आहे. या मार्गाने होल्स्टीन गायींच्या चौदाव्या गुणसूत्राच्या एका टोकाकडे बोट दाखवलं गेलं. पण तो तुकडा मोठा होता, त्यात जनुकं बरीच होती.

मग शोध अरुंद करत न्यायचा. दर पिढीत आईकडच्या आणि बापाकडच्या गुणसूत्रांची आपसांत अदलाबदल होते, त्यामुळे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या लहान होत जातात. ज्या गायींत फॅट जास्त आहे, त्या सगळ्यांमध्ये समान उरलेला सर्वांत लहान तुकडा कोणता, हे पाहत गेलं की संशयितांची यादी आटोपशीर होते. त्या यादीत डीगॅट-१ नावाचं जनुक होतं. शरीरात चरबीचा कण तयार होताना अगदी शेवटची जोडणी करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, या जनुकातून बनतं. हे जनुक बंद पाडलेल्या उंदराच्या माद्यांना दूध येत नाही, हेही तोवर दिसलं होतं. २००२ साली बेल्जियममधल्या लीएज विद्यापीठाच्या मिशेल जॉर्ज यांच्या गटाने नेमका बदल दाखवला. त्या विकराच्या २३२ क्रमांकाच्या जागी काही गायींत लायसीन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) असतं, काहींत अ‍ॅलॅनीन. लायसीनवाल्या गायींच्या दुधात फॅटचं प्रमाण जास्त, पण दूध मात्र थोडं कमी.

आता आपल्या म्हशीकडे येऊ. तपासलेल्या भारतीय म्हशींमध्ये या जागी लायसीनच आढळलं आहे. म्हणजे जास्त फॅटचा हा प्रकार म्हशींत आधीच सर्वत्र आहे. म्हणून एका म्हशीला साडेसहा फॅट लागते आणि दुसरीला आठ, तेव्हा त्या फरकाचं कारण हे जनुक नसतं. जिथे सगळ्यांकडे एकच प्रत आहे, तिथे जनुक कितीही महत्त्वाचं असलं तरी ते दोन जनावरांमधला फरक सांगू शकत नाही. ‘अमुक गुणाचं जनुक सापडलं’ अशी बातमी वाचताना ते कोणत्या जनावरांत, कोणत्या लोकांत सापडलं, हे विचारायचं ते यासाठीच.

सगळा जीनोम एकदम

डीगॅट-१ इतका ठळक परिणाम दाखवणारी जनुकं थोडी आहेत. बाकीची हजारो बारीक परिणामाची. ती पकडायला दुसरी पद्धत वापरतात. जीनोम म्हणजे डीएनएची सगळी ओळ. तिच्यात ठिकठिकाणी पसरलेल्या पन्नास हजार किंवा त्याहून जास्त खुणा एका छोट्या चिपवर एकाच वेळी वाचतात, त्याही हजारो जनावरांत. मग प्रत्येक खुणेपाशी एकच प्रश्न विचारायचा: इथे हे अक्षर असलेल्या जनावरांचं दूध ते अक्षर नसलेल्यांपेक्षा जास्त आहे का?

यात दोन फसगती होतात. पहिली योगायोगाची. शंभरात पाच वेळा चूक चालेल अशी सैल कसोटी लावली, तर पन्नास हजार प्रश्नांत अडीच हजार उत्तरं निव्वळ योगायोगाने ‘हो’ येतील. म्हणून कसोटी अतिशय कडक ठेवतात. माणसांवरच्या अभ्यासांत, योगायोगाने असं दिसण्याची शक्यता दोन कोटींत एक यापेक्षा कमी असेल तरच खूण मान्य होते. इतकी कडक कसोटी पार करायची तर जनावरं किंवा माणसं प्रचंड संख्येने लागतात.

दुसरी फसगत मिसळीची. समजा अभ्यासात हरियाणातून आणलेल्या मुऱ्हा म्हशी आणि आपल्या पंढरपुरी म्हशी एकत्र घेतल्या. मुऱ्हाची शिंगं आखूड आणि वळलेली, पंढरपुरीची खांद्यामागे जाणारी लांबलचक. मुऱ्हा सरासरीने जास्त दूध देत असेल, तर शिंगांशी संबंधित प्रत्येक खूण दुधाशी जोडलेली दिसेल. शिंगं कापल्याने दूध वाढत नाही, हे कोणीही सांगेल. म्हणून कोणतं जनावर कोणत्या जातीचं, कोणाचं नात्यातलं, हे हिशेबात धरूनच निष्कर्ष काढावे लागतात.

माणसांमध्ये काय सापडलं?

माणसाची उंची हा सर्वांत जास्त अभ्यासलेला जटिल गुण. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५४ लाख लोकांची माहिती होती. उंचीशी जोडलेल्या १२,१११ जागा त्यात सापडल्या. युरोपीय वंशाच्या लोकांमधला उंचीचा सुमारे ४० टक्के फरक त्यांवरून सांगता आला. इतर वंशांच्या लोकांत हाच आकडा १० ते २० टक्क्यांवर आला, कारण मूळ माहिती बहुतांश युरोपीयांची होती.

मधुमेहाची गोष्ट पुण्याशी जोडलेली आहे. टाइप-२ मधुमेहाशी संबंधित टीसीएफ-७-एल-२ या जनुकाचा दुवा २००६ साली आइसलँडमध्ये लागला. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले गिरिराज चांडक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुढच्याच वर्षी दाखवलं की भारतीयांतही हा दुवा खरा आहे. आज मधुमेहाशी जोडलेल्या सहाशेहून जास्त जागा माहीत आहेत. पण याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासाने दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे पुढे आणली. आपली बाळं वजनाने हलकी असूनही त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, आणि त्याचा संबंध गर्भारपणातल्या आईच्या पोषणाशी आहे. म्हणजे परिस्थितीचा परिणाम जन्माआधीच सुरू होतो.

भारतीयांची माहिती भारतीयांमधूनच गोळा व्हायला हवी, या गरजेतून २०२०मध्ये ‘जीनोमइंडिया’ प्रकल्प सुरू झाला. दहा हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती जानेवारी २०२५मध्ये संशोधकांसाठी खुली झाली.

प्रत्येक जनुक न शोधताही निवड

२००१ साली मोविसेन, हेज आणि गोडार्ड या तीन शास्त्रज्ञांनी पशुपैदाशीची दिशा बदलणारी कल्पना मांडली. वळू निवडण्यासाठी प्रत्येक जनुक पकडायची गरज नाही. ज्यांचं दूध नोंदवलेलं आहे अशा हजारो जनावरांच्या सगळ्या खुणा वाचा, प्रत्येक खुणेचा बारीकसा वाटा गणिताने ठरवा, आणि नव्याने जन्मलेल्या वासरात त्या सगळ्या वाट्यांची बेरीज करा. वासराच्या रक्ताच्या किंवा केसांच्या नमुन्यावरून त्याच्या लेकींच्या दुधाचा अंदाज निघतो, आठ-नऊ वर्षं थांबावं लागत नाही. अमेरिकेत होल्स्टीन गायींसाठी ही पद्धत २००९पासून अधिकृतपणे वापरात आली आणि दुधातली आनुवंशिक वाढ आधीच्या दीडपट ते दुप्पट वेगाने होऊ लागली.

आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम इथे झालेल्या कार्यक्रमात गायींसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ या देशी चिप पंतप्रधानांच्या हस्ते देशाला अर्पण झाल्या. वाचण्याचं साधन आता आपल्या हातात आहे.

थोडक्यात

• दूध, फॅट, उंची, मधुमेह हे अनेक जनुकांचे आणि परिस्थितीचे मिळून बनलेले गुण आहेत.
• आईच्या जादा दुधाचा छोटा भागच रेडीकडे जातो. निम्मा वारसा रेड्याचा असतो.
• जनुकं शोधण्यासाठी आधी खुणा वाचतात, मग त्या खुणांची मोजलेल्या गुणाशी सांगड घालतात.
• एका जातीवर बसवलेलं गणित दुसऱ्या जातीला जसंच्या तसं लागू पडत नाही.
• चिप अक्षरं वाचते. दूध मोजण्याचं काम माणसालाच करावं लागतं.

पंढरपुरी म्हशीसाठी आपण काय करायचं?

सोलापूर, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली पंढरपुरी म्हैस मुऱ्हाइतकं दूध देत नाही, पण ऊन आणि कमी चारा सोसते, वेळेवर गाभण राहते, आणि तिच्या दुधाला फॅट चांगली लागते. कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर ग्राहकासमोर धार काढून दिलं जाणारं दूध आणि दिवाळी पाडव्याला गवळ्यांनी सजवून मिरवलेल्या म्हशी, ही या जातीची ओळख आहे. सोशिकपणा आणि वेळेवर गाभण राहणं हेही जटिल गुणच आहेत. केवळ लिटरमागे धावून होल्स्टीन गायींची गाभण राहण्याची क्षमता घसरली, हे जगाने पाहिलं आहे. म्हणून पंढरपुरीची निवड करताना दूध, फॅट आणि दोन वेतांमधलं अंतर या तिन्हींचा हिशेब एकत्र करायला हवा.

त्यासाठी नोंदी लागतात, आणि त्याच आपल्याकडे कमी आहेत. डेअरीची पावती लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर सगळं सांगते, पण ती घराची असते, म्हशीची नसते. गोठ्यातल्या तिन्ही म्हशींचं दूध एकाच किटलीत ओतलं की कोणत्या म्हशीने किती दिलं आणि कोणाची फॅट किती, हे कायमचं हरवतं. ते हरवलं की चिपने वाचलेल्या अक्षरांची सांगड घालायला समोर काहीच उरत नाही.

हे काम रोज करायला लागत नाही. महिन्यातला एक दिवस ठरवा. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ प्रत्येक म्हशीचं दूध वेगळं मोजा, जमलं तर डेअरीत प्रत्येकीची फॅट वेगळी लावून घ्या. वहीत कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक, तारीख, लिटर आणि फॅट लिहा. कृत्रिम रेतन केलं की कांडीवरचा रेड्याचा क्रमांकही त्याच ओळीत उतरवा. गावच्या दूध संस्थेने हे काम सगळ्या सभासदांसाठी हाती घेतलं, तर आपल्या मातीतल्या म्हशीचा चांगला रेडा हेरण्यासाठी लागणारी माहिती आपल्याच गोठ्यांतून उभी राहील. पुढच्या वेळी म्हैस घ्यायला जाल तेव्हा आईच्या दुधासोबत बापाचा क्रमांकही विचारा, आणि आपली रेडी विकताना तो लिहून द्या.